ओट्स खाऊनही अकराला भूक का लागते?

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला, डॉक्टर 'सकाळी ओट्स खात जा' म्हणाले आणि संध्याकाळी घरात ओट्सचा पुडा आला, असं आता बऱ्याच घरांत होऊन गेलेलं आहे. सुरुवातीचे दिवस उत्साहात जातात. कपभर दुधात दोन-तीन चमचे ओट्स, वर थोडा मध, उभ्याउभ्याच खाऊन माणूस कामाला लागतो. अकराच्या सुमारास पोटात कावळे ओरडायला लागतात. मग कँटीनमधला वडापाव, नाहीतर चहाबरोबर अर्धा पुडा बिस्किटं. महिन्याभरात निकाल लागतो, "ओट्सनं काही पोट भरत नाही बुवा, आपले पोहेच बरे," आणि पुडा फडताळात मागे सरकतो.

तक्रार खोटी नाही, पण ओट्सवर ती उगाच येते. ते दोन-तीन चमचे म्हणजे जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. त्यातून साठ-सत्तर कॅलरी मिळतात, एका लहान फुलक्याइतक्या. एक फुलका खाऊन दुपारच्या जेवणापर्यंत थांब, असं आपण घरात कुणाला सांगणार नाही. ओट्सच्या बाबतीत मात्र स्वतःला तेच सांगतो, कारण ते आपण अन्न म्हणून खात नसतो, औषध म्हणून घेत असतो. चमच्याने.

ओट्सने पोट भरतं याला चांगला आधार आहे. सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाच्या २४० कॅलरी होतील एवढंच वाढलं, आणि खाणाऱ्यांना पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारलं, आता पोट किती भरल्यासारखं वाटतंय? पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरून बाकीच्यांची तुलना केली. उकडलेला बटाटा ३२३ गुणांनी पहिला आला (आपल्या उपासाच्या बटाट्याला इथे बरं म्हणणारं कुणीतरी भेटलं). ओट्सच्या लापशीला २०९ मिळाले, कॉर्नफ्लेक्सला ११८, आणि लोणी घातलेल्या खुसखुशीत क्रोसाँला फक्त ४७. एकेका पदार्थाला अकरा ते तेराच माणसं होती, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. पण २०९ गुण २४० कॅलरींच्या वाडग्याला मिळाले होते, कपभर दुधावर तरंगणाऱ्या दोन चमच्यांना नाही, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

म्हणून आधी माप. एका मोठ्या माणसाच्या न्याहारीला ४० ग्रॅम कोरडे ओट्स धरा. मापाच्या कपाने अर्धा कप, घरातल्या मध्यम वाटीने पाऊण वाटीहून किंचित जास्त. वाट्या घराघरांत वेगळ्या असतात, म्हणून वजनकाटा असेल तर एकदा मोजून घ्या आणि आपल्या वाटीत ते कुठवर येतात ते बघून ठेवा. नंतर रोज मोजायला नको. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला किंवा वाढत्या वयाच्या मुलाला ५०-६० ग्रॅमही लागतील. ४० ग्रॅम शिजले की चांगला वाडगाभर होतात. त्यातून साधारण १५० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं आणि ४ ग्रॅम तंतू मिळतात.

आता १५० कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिनं यांवर सकाळ निघत नाही. नुसते ओट्स, मग ते कितीही चांगले असोत, ही अर्धी न्याहारी झाली. एकूण ३०० ते ३५० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं एवढं पोटात गेलं, तर बहुतेकांना दुपारी एकपर्यंत डबा उघडावासा वाटत नाही. ही भरती करणं अवघड नाही. एक पेला दूध (२०० मिलिलिटर) म्हणजे सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा. मूठभर, म्हणजे वीस ग्रॅम, शेंगदाण्यांत पाच. तीस ग्रॅम बेसनात सहा. यातलं कुठलंही एक-दोन ओट्सला जोडा. मध, खजूर, मनुका हे मात्र या भरतीत धरू नका. त्यांनी गोडी येते, भूक थांबत नाही. बदाम-काजू चांगलेच, पण डबा समोर ठेवून बोटांनी उचलत बसलं तर ओट्सपेक्षा काजूच्याच कॅलरी जास्त होतात. आठ-दहा बदाम पुरेत.

चिकटपणाची बाजू

ओट्स आवडत नाहीत असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: बुळबुळीत लागतात. आणि गंमत अशी की ज्यासाठी डॉक्टरांनी ओट्स सांगितले ते त्या बुळबुळीतपणातच असतं. ओट्सच्या दाण्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पाण्यात शिजला की तो दाट, चिकट होतो. पोटात गेल्यावर हा दाटपणा अन्नाला पुढे सरकायला वेळ लावतो, म्हणून पोट भरल्याची जाणीव टिकते आणि रक्तातली साखर एकदम उसळत नाही. पुढे आतड्यात तो पित्तातली आम्लं धरून ठेवतो आणि बाहेर घेऊन जातो. शरीराला मग नवी पित्ताम्लं बनवावी लागतात, ती यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं, आणि त्यासाठी रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ओढून घेतं. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर एलडीएल साधारण पाच ते सात टक्क्यांनी उतरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पुड्यावर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली ती याच ३ ग्रॅमच्या हिशेबावर.

हा हिशेब आपल्या वाटीत मांडून बघा. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन साधारण चार टक्के. म्हणजे ३ ग्रॅमसाठी रोज सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम ओट्स लागतील. सकाळच्या ४० ग्रॅममधून अर्ध्याहून थोडं जास्त मिळतं, बाकीचं संध्याकाळच्या धिरड्यातून किंवा सुपात घातलेल्या मूठभर ओट्समधून मिळवता येईल. आणि पाच-सात टक्के म्हणजे किती? १६० असलेलं एलडीएल १५० च्या आसपास येईल. मदत आहे, चांगली मदत आहे. पण डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर ओट्स सुरू केले म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही.

हाच तंतू सातूतही, म्हणजे बार्लीतही, भरपूर असतो. पण सातूची जाहिरात कुणी करत नाही.

पुड्यावर काय बघायचं

दुकानात ओट्सच्या रांगेसमोर उभं राहिलं की गोंधळ उडतो. सगळ्या पुड्यांत धान्य एकच असतं, फरक ते किती मोडलं आणि किती शिजवलं याचा. शेतातून आलेल्या दाण्याचं टरफल काढून त्याला आधी वाफ देतात. ओट्समध्ये गव्हातांदळापेक्षा बरीच जास्त, सुमारे सात टक्के चरबी असते, आणि ती खवट करणारं विकर (एन्झाइम) दाण्यातच असतं. वाफेने ते निकामी होतं. मग त्या दाण्याचे पोलादी पात्याने दोन-तीन तुकडे केले की झाले 'स्टील कट' ओट्स, आपल्या जाड लापशी रव्यासारखे दिसणारे. अख्खा दाणा वाफवून रुळाखाली चपटा केला की 'रोल्ड', म्हणजे जाड पोह्यांसारखे. आधी तुकडे करून मग पातळ लाटले की 'क्विक'. आणि आणखी पातळ करून पुरते शिजवून वाळवले की 'इन्स्टंट', ज्यांवर नुसतं गरम पाणी ओतायचं.

जितकं काम कारखान्यात झालं तितकं आपल्या पोटाला कमी उरतं. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर साखर किती वेगाने चढते याचं माप, ग्लुकोजला १०० धरून मोजतात. स्टील कट आणि जाड रोल्ड ओट्सचा हा आकडा ५५ च्या आगेमागे येतो, इन्स्टंटचा ७५ ते ८० च्या घरात जातो. मधुमेह असेल तर हा फरक मोठा आहे. जाड ओट्स मिक्सरमध्ये फिरवून त्यांचं पीठ केलं, तरी आपण तेच काम घरी करतो. म्हणून पिठाचं काही करायचं असेल तर त्यात डाळीचं पीठ जोडावं.

माझं मत विचाराल तर रोजच्यासाठी जाड रोल्ड ओट्स घ्या. पाच-सहा मिनिटांत शिजतात, चावायला काहीतरी राहतं आणि त्यांचं काहीही करता येतं. स्टील कट चवीला उत्तम, पण चुलीवर पंचवीस-तीस मिनिटं खातात. त्यांना कुकर बरा. रात्री भिजवून सकाळी तिप्पट पाण्यात, कुकरच्या आतल्या भांड्यात, तीन-चार शिट्ट्या. भांडं निम्म्याहून कमी भरा आणि तुपाचा एक थेंब टाका, कारण हे फार उतू जातं. वाफ आपोआप जिरू द्या. दोन-तीन दिवसांचं एकदम करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं. थंड झाल्यावर घट्ट वडी होते, सकाळी थोडं पाणी किंवा दूध घालून मोडून गरम करायचं.

मसाल्याची आणि फळांच्या स्वादाची छोटी पाकिटं मात्र वेगळी जात आहे. पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेवढंच वाचा. ओट्सनंतर लगेच साखर असेल तर तो खाऊ आहे, न्याहारी नव्हे. मसाल्याच्या पाकिटात मीठ बघा, तिथे ते सोडियम म्हणून लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका पाकिटात एक-दीड ग्रॅम गेलं, तर लोणचं-पापडाच्या आपल्या जेवणाला फारशी जागा उरत नाही. आणि पाकिटाची किंमत एकदा किलोच्या हिशेबात काढून बघा. प्रवासात, वसतिगृहात ही पाकिटं सोयीची आहेत, हे मान्य. घरात मात्र आपला मिसळणाचा डबा असताना दुसऱ्याच्या मसाल्याचे पैसे का द्यायचे?

तिखटमिठाचे ओट्स

ओट्स म्हटलं की दूध, मध, केळं असंच डोळ्यांपुढे येतं, आणि सकाळी सकाळी गोड खाणं ज्यांना जमत नाही त्यांचा प्रश्न तिथेच संपतो. ओट्स ज्यांचं पिढ्यान्पिढ्या मुख्य अन्न होतं ते स्कॉटलंडचे लोक काय करतात बघा. तिथल्या डोंगराळ भागातल्या कारब्रिज गावात १९९४ पासून लापशी शिजवण्याची जागतिक स्पर्धा भरते. बक्षीस सोनेरी ढवळणीचं. पारंपरिक लापशीत तिथे तीनच गोष्टी चालतात: ओट्स, पाणी आणि मीठ. साखर नाही, दूध नाही. तेव्हा ओट्सला फोडणी दिली म्हणून कुणी आपल्याला अडाणी म्हणणार नाही.

माझ्या मते मराठी जिभेला सगळ्यांत लवकर पटतात ते ताकातले ओट्स. ज्वारीच्या किंवा नाचणीच्या आंबिलीची सवय असेल तर हे नवं वाटणारच नाही. ४० ग्रॅम जाड ओट्स दोन वाट्या पाण्यात चवीपुरतं मीठ घालून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं शिजवा, मधूनमधून ढवळत राहा. खाली उतरवून कोमट होऊ द्या. गरम असतानाच दही घातलं तर ते फुटतं. मग वाटीभर घोटलेलं दही किंवा दाट ताक मिसळा. वरून चमचाभर तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, एखादी हिरवी मिरची यांची फोडणी. आलं किसून घातलं तर अजून छान. बरोबर चटणी हवीच, आणि इथे आपल्याकडे खजिना आहे: शेंगदाण्याची, कारळ्याची, विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची. दोन मोठे चमचे शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही यांनी प्रथिनांचा प्रश्नही सुटतो. बाजारातल्या महाग बिया आणून ओट्सवर भुरभुरवण्यापेक्षा जवसाची चटणी केव्हाही बरी. उन्हाळ्यात हे थंड करून खा.

ओट्सचं उपीट बहुतेकांचं फसतं, लगदा होतो. कारण पाणी. रव्याला दुप्पट-अडीचपट पाणी लागतं, त्या सवयीने आपण ओट्समध्येही ओततो. जाड ओट्स आधीच वाफवलेले असतात, त्यांना वाटीला पाऊण वाटी पाणी पुरतं. ओट्स कोरडे भाजून घ्या, खमंग वास आला की बाजूला काढा. नेहमीसारखी फोडणी, कांदा, मटार, गाजर, असतील तर मोड आलेले मूग. भाज्या शिजल्या की मीठ आणि पाणी घालून उकळी आणा, ओट्स घाला, एकदाच हलवा, झाकण ठेवून मंद आचेवर तीन मिनिटं. गॅस बंद करून आणखी पाच मिनिटं झाकण उघडू नका. सतत ढवळलं की चिकट पदार्थ बाहेर येतो आणि दाणे एकमेकांना धरतात. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. यात शेंगदाणे घालायचे की नाही यावर घराघरांत मतभेद असतात. मी घालते.

धिरड्यांसाठी ४० ग्रॅम ओट्सच्या पिठात ३० ग्रॅम बेसन आणि चमचाभर तांदळाचं पीठ घाला. गव्हासारखं ग्लुटेन ओट्समध्ये नसल्याने नुसत्या ओट्सचं धिरडं उलटताना मोडतं, बेसन ते धरून ठेवतं. किसलेला दुधी किंवा गाजर, ओवा, तिखट, मीठ. पीठ पंधरा मिनिटं मुरू द्या, ते पाणी पीत राहतं, मग पुन्हा सैल करा. मध्यम आच, आणि कडा सुटल्याशिवाय उलथन्याला हात लावू नका. अशा दोन-तीन धिरड्यांत अकरा ग्रॅमच्या वर प्रथिनं येतात, बरोबर वाटीभर दही घेतलं की न्याहारी पुरी झाली. डब्यातही हीच बरी राहतात.

गोडाचेच हवे असतील तर आधी पाण्यात अर्धे शिजवून मग दूध घाला. नुसत्या दुधात ते बुडाला लागतात. चिमूटभर मीठ टाकलं की गोडी उठून येते. गूळ घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध नासतं. आणि गूळ म्हणजे साखर नव्हे असं मनाशी धरू नका, रक्ताला त्यातला फरक फारसा कळत नाही. पिकलेलं अर्धं केळं कुस्करून घातलं तर बहुतेकदा गूळही लागत नाही. वेलची किंवा जायफळ आहेच.

रात्री भिजवून सकाळी खायचे ओट्स सध्या फार लोकप्रिय आहेत, पण ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. झुरिकचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्चर-बेनर त्यांच्या रुग्णांना १९०० च्या सुमारास देत असत ती म्यूस्ली हीच. चमचाभर भिजवलेले ओट्स, त्यात सालासकट किसलेलं मोठं सफरचंद, लिंबाचा रस, थोडं आटवलेलं दूध आणि भरडलेले बदाम-अक्रोड. प्रमाण लक्षात घ्या, त्यांच्या लेखी फळ मुख्य होतं आणि ओट्स त्याला जोड. आपण दह्यात भिजवावेत, सकाळी पेरू किंवा सफरचंद किसून घालावं, लिंबू पिळावं. भिजवण फ्रिजमध्येच ठेवा. मुंबई-कोकणाच्या हवेत रात्रभर ओट्यावर राहिलेलं भिजवण सकाळपर्यंत आंबतं.

पोहे, ज्वारी, नाचणी

"मग पोहे सोडायचे का?" हा प्रश्न येतोच. नाही. १०० ग्रॅम पोह्यांत साधारण साडेसात ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीन ग्रॅम तंतू, ओट्समध्ये तेरा आणि दहा. फरक आहे, पण पोह्यांत मटार, दाणे, मोड घालून आणि पोहे थोडे कमी करून तो बराच भरून निघतो. ज्वारी तर तंतूंच्या बाबतीत ओट्सच्या बरोबरीला बसते, आणि नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम, जे ओट्समध्ये फारच कमी. चार धान्यं आणि डाळी भाजून दळलेल्या भाजणीचं थालीपीठ, वर लोण्याचा गोळा न ठेवता दह्याबरोबर खाल्लं, तर पोट भरण्यात ओट्सला हार जात नाही. ओट्सचं खास म्हणावं असं एकच आहे, बीटा-ग्लुकन. ते ज्वारी-बाजरीत त्या प्रमाणात नाही. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर ओट्स किंवा सातू मुद्दाम आणावेत. तसं काही नसेल आणि घरात ज्वारीची आंबील रोज होत असेल, तर पोह्यांच्या दुपटी-तिपटीने महाग असलेला पुडा आणलाच पाहिजे असं नाही.

आपल्याकडे खायला येणारे बरेचसे ओट्स ऑस्ट्रेलियातून येतात. महाराष्ट्रात हे पीक रब्बीत घेतात ते जनावरांसाठी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले हरिता' हा वाण चाऱ्यासाठीच काढला आहे. दुभत्या जनावरांच्या गोठ्याला ओट माहीत होता, स्वयंपाकघराला नंतर कळला.

पुडा फोडला की ओट्स घट्ट झाकणाच्या डब्यात काढा. मघाशी सांगितलेली सात टक्के चरबी पावसाळ्यात दगा देते. त्या दिवसांत अर्धा किलोच आणा. चिमूटभर तोंडात टाकून बघा, कडवट किंवा तेलकट-खवट लागले तर फोडणीने ते झाकायचा प्रयत्न करू नका, टाकून द्या.

कुणी जपून

ज्यांच्या जेवणात तंतू कमी असतात त्यांनी एकदम ४० ग्रॅमपासून सुरू केलं तर पोट फुगतं, गॅसेस होतात. पहिला आठवडा अर्धं माप ठेवा आणि दिवसभर पाणी पुरेसं प्या. पाणी कमी पडलं तर ज्या बद्धकोष्ठासाठी ओट्स सुरू केले तेच वाढतं. घरातल्या वयस्कर माणसांची हीच तक्रार असते, आणि त्यांना दिवसभरात पाणी किती प्यायलात हे कुणी विचारलेलं नसतं. त्यांच्यासाठी ओट्स सैलसर शिजवावेत, आटवून गोळा करू नयेत.

सहा महिने पूर्ण झालेल्या, वर्षाच्या आतल्या बाळाला मऊ शिजवलेले ओट्स देता येतात, पण मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नको. लहान मुलांचं पोट लवकर भरतं, म्हणून त्यांच्या ओट्समध्ये तूप आणि दूध सढळ हाताने घाला, पाणी घालून पातळ करू नका.

मधुमेह असेल आणि घरी साखर मोजायचं यंत्र असेल, तर स्वतःचीच परीक्षा घ्या. एका दिवशी नेहमीचे पोहे, दुसऱ्या दिवशी मोजून ४० ग्रॅम जाड ओट्स दह्याबरोबर, आणि दोन्ही वेळा पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर बघा. पुड्यावरच्या दाव्यापेक्षा हे आकडे जास्त कामाचे. ते डॉक्टरांना दाखवा, इन्सुलिनचं प्रमाण मात्र आपण होऊन बदलू नका. जुन्या मधुमेहात कधीकधी जठर फार हळू रिकामं होतं, थोडं खाल्लं तरी पोट गच्च होतं, मळमळतं. अशांना जास्त तंतू सोसत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर फॉस्फरस-पोटॅशियमचा हिशेब आहारतज्ज्ञांकडून करून घ्यावा. आणि सीलिअ‍ॅक हा ग्लुटेन न सोसण्याचा आजार असलेल्यांनी साधा पुडा घेऊ नये. ओट्समध्ये ग्लुटेन नसलं तरी शेतात, गिरणीत गहू मिसळतो. 'ग्लुटेन-फ्री' छापलेलाच घ्यावा, त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमहून कमी ग्लुटेन असण्याची अट आहे. तोही डॉक्टरांना विचारून, कारण काही थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही मानवत नाहीत.

सकाळच्या गोळ्यांकडेही लक्ष असू द्या. थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर उपाशीपोटी घ्यायची असते. तिच्यानंतर अर्धा ते एक तास ओट्स नकोत, दूध नको, चहाही नको, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. लोहाच्या गोळीचं तसंच. ओट्समधलं फायटिक आम्ल आणि दुधातलं कॅल्शियम दोन्ही लोहाला अडवतात, म्हणून ती गोळी न्याहारीबरोबर न घेता दोन तासांचं अंतर ठेवून, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी.